सेव्हियाचा सेमाना सांता: आईबाबांना घेऊन जावं की त्या आठवड्यात तिकडे फिरकूच नये?

मृण्मयी_क
मंडळी, सल्ला हवाय. २०२७ च्या मार्चमध्ये स्पेनला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि माझे आईबाबा. मुक्काम माद्रिदला, तिथून सेव्हियाची फेरी. दोघंही सत्तरी ओलांडलेले; आई टुणटुणीत, बाबांचा गुडघा कुरकुरतो. रजा जुळतेय ती नेमकी ईस्टरच्या आसपास. ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे २१ ते २८ तिकडचा ‘सेमाना सांता’, पवित्र सप्ताह. सेव्हियाच्या मिरवणुकांचे व्हिडिओ पाहून आई हरखून गेलीय. बाबा म्हणतात, मिरवणुका जन्मभर पाहिल्या, मला कॅथेड्रल निवांत बघू द्या. हॉटेलांचे त्या आठवड्यातले दर पाहून नवरा काहीच म्हणत नाही.

पहिला प्रश्न सरळ आहे: एवढ्या गर्दीत दोघांना न्यावं का? दुसरा मला स्वतःला पडलाय. कुणी तोंड झाकून, अनवाणी, प्रायश्चित्त म्हणून चालत असताना आपण फुटपाथवर फोन धरून उभं राहायचं, हे बरं दिसतं का? नवरा म्हणतो फार विचार करतेस. तुम्हाला काय वाटतं?

झणझणीत
नवऱ्याशी सहमत. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, बाकी तज्ज्ञ येतीलच. मी खुर्ची मांडून बसलोय.

रानवाटा
जाऊ नका. आम्ही नेमके त्याच आठवड्यात गेलो होतो, मिरवणुका असतात हे माहीत नसताना. कॅथेड्रलची पर्यटकांची वेळ त्या दिवसांत कापलेली असते, दुपारनंतर तर विसराच. पोचलो तेव्हा दार बंद. बरं, हॉटेल समोर दिसतंय आणि मधून मिरवणूक चाललीय. रस्ता ओलांडू देईनात. टोकदार टोपीवाल्यांची रांग काही केल्या संपेना. बायको म्हणाली, इथेच अंथरूण घालूया. एरवी शहर फार सुंदर आहे, पण ते मी नंतर फोटोत पाहिलं.

अंदालुसकर
रानवाटा, रांग संपेना याचं कारण मोठ्या संघांत हजारो माणसं चालतात. एकेक मिरवणूक तुमच्यासमोरून पूर्ण जायला तास-दीड तास सहज लागतो. पण मधून जायला बंदी नसते हो. दोन टप्प्यांमध्ये फट पडते, तेव्हा शेजारच्या आजीबाईला विचारून पटकन ओलांडायचं. क्रूस, मूर्ती किंवा बॅंड पुढ्यात असताना मात्र नाही.

मृण्मयी, मी सेव्हियात शिकायला होते, पुढे तिथेच नोकरीही केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शहरात कॅथेड्रलपर्यंत जाणारे साठेक बंधुसंघ आहेत. प्रत्येकाचं आपलं चर्च, आपला ठरलेला वार, आपल्या रंगाचा झगा. आपल्या चर्चमधून निघायचं, ‘ला कांपाना’ चौकातून सिएर्पेस गल्लीने कॅथेड्रलला यायचं, एका दाराने आत शिरून दुसऱ्याने बाहेर पडायचं आणि पुन्हा आपल्या मोहल्ल्यात परतायचं. सांगायला एवढंच. पण जाऊन-येऊन आठ तास, बारा तास, लांबच्या संघांना त्याहूनही जास्त.

मूर्तीच्या लाकडी चौथऱ्याला ‘पासो’ म्हणतात. बहुतेक संघांचे दोन असतात: पुढे येशूचा, मागे चांदीच्या दांड्यांवर तोललेल्या छताखाली मारियामातेचा, पुढ्यात मेणबत्त्यांचं रान. वजन टनाच्या वर, आणि चाकं नाहीत. आत पडद्याआड तीस ते पन्नास ‘कोस्तालेरो’ असतात. डोक्याला गुंडाळलेल्या जाड कापडाच्या वळकटीवर, मानेच्या मणक्यापाशी तुळई टेकवून ते सगळं पेलतात. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही. पुढे चालणारा ‘कापातास’ आवाजाने त्यांना वळवतो: डावा पुढे, उजवा मागे, हळू, अजून हळू. थांबायचं-उठायचं ते समोरच्या धातूच्या ठोकणीच्या ठोक्यावर. तिसऱ्या ठोक्याला अख्खा पासो एकदम हवेत उडतो, मेणबत्त्या थरथरतात आणि तोवर गप्प असलेली गल्ली टाळ्या वाजवते. अरुंद वळणावर भिंत आणि पासो यांत बोटभर अंतर राहतं. सेव्हियाची माणसं मूर्तीइतकीच ती वळणं बघायला येतात. कुठल्या कोपऱ्यावर कोण छान वळतं यावर वर्षभर वाद घालतात.

गुरुवारच्या मध्यरात्रीपासून शुक्रवार दुपारपर्यंतची ती ‘मद्रुगा’. सहा संघ निघतात. त्यातल्या ‘एल सिलेन्सिओ’त बॅंड नाही, फक्त दोनतीन फुंकवाद्यं. ‘ग्रान पोदेर’चा येशू, हुआन दे मेसाने १६२० साली कोरलेला, संगीताशिवायच येतो. हजारो माणसं उभी आणि ऐकू काय येतं, तर कोस्तालेरोंचे घासत जाणारे पाय. त्याच रात्री पलीकडे माकारेना ही मारियामातेची मूर्ती निघते, पुढे शहामृगाची पिसं खोवलेले रोमन शिपाई, आणि लोक तिला ‘ग्वापा, ग्वापा’ (सुंदरी, सुंदरी) म्हणून हाका मारतात. मध्येच एखाद्या बाल्कनीतून कुणी ‘साएता’, म्हणजे भक्तिगीत, गातं. तेव्हा पासो थांबतो.

आईबाबांना मद्रुगाला नेऊ नका. रात्रभर उभं राहावं लागतं. शिवाय २००० साली आणि २०१७ साली याच रात्री गर्दीत घबराट पसरून पळापळ झाली होती. दिवसाचे, लहान संघांचे वार निवडा. जेवायला जाते, दुसऱ्या प्रश्नावर नंतर लिहिते.

पंचांगवाले_नाना
वाचतोय. एक भर घालतो. २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा नियम आहे. म्हणजे कधी आपली फाल्गुनी पौर्णिमा, कधी चैत्री. त्यामुळे अंदालुसकरांच्या मद्रुगाला आकाशात जवळजवळ भरलेला चंद्र असतोच असतो. २०२७ ला होळीपौर्णिमा याच आठवड्यात येतेय.

झणझणीत
नाना, म्हणजे बायकोला सांगायचं की बोंब मारायला स्पेनला चाललोय.

कुतूहल
ते टोकदार टोप्यांचं काय? फोटो पाहिले की अंगावर काटा येतो. अमेरिकेतले ते गोऱ्यांचे कू क्लक्स क्लान टोळीवाले डोळ्यांसमोर येतात.

गोंयकार
त्यांचा आणि यांचा संबंध नाही, स्पॅनिश टोपी कितीतरी शतकं जुनी. पण तिचं मूळही काही गोड नाही. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, काळात दोषी ठरवलेल्यांना अशीच उंच टोपी घालून लोकांसमोर उभं करत. पुढे प्रायश्चित्त घेणाऱ्यांनी ती आपणहून चढवली, वर तोंड झाकून घेतलं, म्हणजे पाप कुणाचं आणि पुण्य कुणाचं ते शेजाऱ्याला कळू नये. इन्क्विझिशन आमच्या गोव्यातही १५६० ते १८१२ होतं, मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर. त्यामुळे माझ्या मनात त्या टोपीविषयी भक्तिभाव येत नाही, माफ करा.

आणि कॅथेड्रलमधल्या त्या सोन्याने मढवलेल्या वेदीसमोर उभे राहाल तेव्हा हेही आठवा की १५०३ पासून अमेरिकेचा सगळा व्यापार सेव्हियाच्या बंदरातून चालायचा. चांदी-सोनं तिथेच उतरायचं. सौंदर्य आहेच, नाकारत नाही. पण गाइड कोरीवकामच दाखवतो, बोटींबद्दल बोलत नाही.

तलवारबहाद्दर
मुळात ते चर्च मशीद पाडून बांधलंय. यावर कुणी बोलणार नाही. आपल्याकडे मात्र

व्यवस्थापक
तलवारबहाद्दर, उरलेला प्रतिसाद संपादित केला आहे. इथे फक्त सेव्हिया.

कुतूहल
पण मशीद होती हे खरं ना?

अंदालुसकर
खरं आहे, आणि ते लपवलेलंही नाही. १२४८ ला कास्तियाच्या राजा फर्नांदो तिसऱ्याने शहर जिंकलं, तेव्हा अल्मोहाद या मुसलमान राजघराण्याची मोठी मशीद होती तिचंच कॅथेड्रल केलं. दीडशे वर्षं त्याच इमारतीत मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालली. मग पंधराव्या शतकात ती उतरवून आजचं प्रचंड गॉथिक कॅथेड्रल बांधलं, १५०६ च्या सुमारास ते पुरं झालं. मिनार मात्र ठेवला. तोच हिराल्दा. खालचा बाराव्या शतकातला विटांचा मनोरा मुसलमानांचा, त्यावर १५६८ ला पुरा झालेला घंटाघराचा मजला ख्रिस्ती. नारिंगांच्या झाडांचं अंगणही मशिदीचंच. मार्चअखेर तिथे फुलांचा वास दरवळत असतो.

बाबांना एक गोष्ट जरूर सांग मृण्मयी. हिराल्दाला जिना नाही, उतरंड आहे. मुअज्जिनला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केली म्हणतात. पस्तीस सपाट चढ, शेवटी थोड्याच पायऱ्या. कुरकुरत्या गुडघ्यांसाठी युरोपात याहून सोयीचा मनोरा मी तरी पाहिला नाही.

आणि फर्नांदोच्या समाधीवरचे लेख शोधा. लॅटिन, कास्तेयानो (स्पॅनिश), अरबी आणि हिब्रू, चार भाषांत आहेत. जिंकणाऱ्याच्या थडग्यावर हरलेल्यांच्या लिपी. त्यावर ज्याला जो अर्थ काढायचाय तो काढावा, धागा बंद पडायला नको!

गोंयकार
हे चार भाषांचं माहीत नव्हतं. कोलंबसही तिथेच ना?

अंदालुसकर
हो. कास्तिया, लेओन, आरागोन आणि नावार्रा या चार राज्यांच्या दूतांचे पुतळे शवपेटी खांद्यावर घेऊन उभे आहेत. क्यूबा हातचं गेल्यावर अवशेष हवानाहून इथे आणले. कॅरिबियनमधले सांतो दोमिंगोवाले म्हणतात, खरा कोलंबस आमच्याकडे आहे. २००६ मध्ये डीएनए चाचणीने सेव्हियाच्या बाजूने कौल दिला, तरी तेही हटत नाहीत.

झणझणीत
मेल्यावरही याचा पत्ता चुकलेलाच.

वसईची_लेक
मृण्मयीताईंच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

मी वसईची, मराठी मिस्सा ऐकत वाढलेली कॅथलिक. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) हातात झावळी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रुसाची वाट, हा आठवडा आमच्या घरात उपासाचा आणि दबक्या आवाजाचा. त्यामुळे सेव्हियाला प्रथम गेले तेव्हा मला धक्काच बसला. शुक्रवारी बार उघडे, पोरं सूर्यफुलाच्या बिया सोलतायत, समोरून पासो आला की क्रूस करतायत आणि गेला की पुन्हा बिअर. मला राग आला होता. माझ्या शेजारचा एक आजोबा मात्र त्याच गडबडीत मारिया दिसल्यावर ढसाढसा रडला आणि डोळे पुसून, आपण क्रिकेटवर बोलतो तसा, फुटबॉलवर बोलायला लागला. त्यांची भक्ती अशीच, सुकी-ओली एकत्र. तिथे आपण कोण चुकीचं ठरवणार?

तेव्हा बघायला जरूर जा. रस्त्यावर काढलेली मिरवणूक ही सगळ्यांना दिसावी म्हणूनच काढलेली असते. फक्त काही गोष्टी पाळा. झगेवाल्यांच्या तोंडासमोर फोन नेऊ नका. ते बोलणार नाहीत, तोंड झाकलंय ते त्यासाठीच. फ्लॅश नको. काळे झगे आणि शांतता असेल तिथे कुजबुजही नको. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागे बसा, कुणी हाकलत नाही. पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभं राहू नका. आपले लोक प्रसाद म्हणून भाबडेपणाने हात पुढे करतात. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. रांगेत सापडलातच तर दोन्ही हात छातीवर आडवे धरा, फादर नुसता आशीर्वाद देतील. आईंना हात जोडावेसे वाटले तर जोडू द्या, कुणाला वाईट वाटणार नाही. चपला मात्र काढायच्या नाहीत, टोपी काढायची.

मृण्मयी_क
वसईची_लेक, हेच हवं होतं. आईने कुठल्याही देवळासमोर चपला काढल्या नाहीत असं आजवर झालेलं नाही, तिला आत्तापासून तयार करते.

सह्यकडा
एवढं काय त्यात? शेवटी आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीसारखंच की. मानाचे संघ, मानाचा क्रम, पथक, गर्दी, रात्रभर जागरण.

अंदालुसकर
मानापमान आणि क्रमावरून भांडणं, इथपर्यंत अगदी खरं. मद्रुगाला कोण आधी यावर तिथे शतकानुशतकं वाद आहेत. पण मूर्ती विसर्जित होत नाही, ती तीनचारशे वर्षं तीच आहे. आजोबांनी जिच्याकडे पाहिलं तिच्याकडेच नातू बघतो. म्हणून तर २०२५ च्या उन्हाळ्यात माकारेनाच्या मूर्तीची डागडुजी झाली आणि पापण्या वेगळ्या दिसल्या, तेव्हा शहर पेटलं. लोक चर्चसमोर जमून ‘ही आमची नव्हे’ म्हणत होते, शेवटी काम पुन्हा करावं लागलं. आणि दुसरा फरक, पाऊस. थेंब पडायची शक्यता असली तर निघतच नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकातलं लाकूड आणि जरीकाम भिजवणार कोण? २०२४ ला तर पावसाने आख्खी मद्रुगा रद्द झाली. वर्षभर तालीम केलेले दांडगे कोस्तालेरो चर्चच्या पायऱ्यांवर लहान मुलांसारखे रडत होते.

पंचांगवाले_नाना
पापण्यांवरून! छान.

रानवाटा
बायका असतात का त्यात? मला तरी सगळे बाप्येच दिसले.

अंदालुसकर
तोंड झाकलेलं असताना तुम्हाला कसं कळलं? :) बायका असतात. काही जुने संघ त्यांना झगा घालू देत नव्हते. २०११ ला आर्चबिशपनी फर्मान काढून तो प्रश्न मिटवला. पासोखाली मात्र सेव्हियात अजून जवळजवळ पुरुषच.

सिसिलीची_सून
जरा धागा भरकटवते. मिरवणूकच बघायची आणि तारखेचं बंधन नसेल तर ३ ते ५ फेब्रुवारी, सिसिलीतलं कातानिया, संत आगाथाचा सण. पांढरे झगे आणि काळ्या मखमली टोप्या घातलेले हजारो लोक शंभराहून जास्त मीटर लांब दोर धरून तिचा चांदीचा रथ ओढतात आणि ‘नागरिकहो, संत आगाथाचा जय’ म्हणून ओरडतात. नवस फेडायला माणसं स्वतःच्या उंचीएवढ्या मेणबत्त्या खांद्यावर वाहतात. ते मेण रस्त्यावर सांडून दुसऱ्या दिवशी शहर घसरगुंडी होतं, भुसा टाकतात. स्कूटरवाले कितीतरी दिवस जपून चालवतात.

सणाची मिठाई म्हणजे रिकोट्टा चीज भरलेली गोल पांढरी पेस्ट्री, वर लाल चेरी. आगाथाचे स्तन कापून तिचा छळ झाला, त्याची ती आठवण. सासूबाईंनी बशी पुढे करून हे शांतपणे सांगितलं तेव्हा माझा घास घशात अडकला होता. आता मीच बनवते.

झणझणीत
सेव्हियाची मिठाई सांगा, नाहीतर आज जेवण जाणार नाही.

अंदालुसकर
तोर्रिखास. शिळा पाव दुधात किंवा गोड वाईनमध्ये भिजवायचा, अंड्यात घोळून ऑलिव्ह तेलात तळायचा, वर मध. आणि पालकाची चणे घालून भाजी, कारण शुक्रवारी मांस नाही. शाकाहारी आईबाबांना ती अंदालुसियात देवासारखी भेटते. हॅम नाही ना एवढं विचारून घ्या.

माद्रिदस्थ
माद्रिदला मुक्काम आहे तर वायादोलिदचा विचार केला का? जलद रेल्वेने तासाभरावर. तिथल्या उत्तम शुक्रवारच्या संध्याकाळच्या एकाच मिरवणुकीत तीसहून जास्त पासो निघतात. बरेच शिल्पकार ग्रेगोरिओ फर्नांदेसच्या हातचे, सतराव्या शतकातले. बाकी वर्षभर त्यातली काही शिल्पं तिथल्या शिल्पसंग्रहालयात बघायला मिळतात. थंडी असते, गाणंबजावणं कमी, गर्दी सेव्हियाच्या मानाने सुसह्य. माझं मत विचाराल तर तिकडच्या कास्तिया प्रांताचं हे मूकपण जास्त भिडतं. सेव्हिया मला थोडं नाटकी वाटतं.

अंदालुसकर
नाटकी आहेच! सतराव्या शतकात लोकांना रस्त्यावर गाठून गोष्ट दाखवायची म्हणूनच या मूर्ती घडल्या. काचेचे अश्रू, खरे केस, वाऱ्यावर हलणारा झगा. नाटक म्हणजे खोटं, असं कोण म्हणालं?

असो. मृण्मयी, माझा खरा सल्ला आता देते, कारण सगळे २१ ते २८ मध्येच अडकलेत. एक आठवडा आधी जा. १३ मार्चच्या आसपास पोचा. तेव्हा चर्चांमध्ये पासो जोडायचं काम चालू असतं. दारं उघडी, आत सुतार, फुलवाले, चांदी घासणाऱ्या बायका, आणि एरवी वेदीवर उंच असलेली मूर्ती जमिनीवर हातभर अंतरावर. बाबा तासभर एका मूर्तीसमोर बसले तरी कुणी उठवत नाही. ग्रान पोदेर सान लोरेन्सो चौकातल्या बासिलिकात आहे, माकारेना त्याच नावाच्या जुन्या वेशीपाशी. दोन्हीकडे बाकं आहेत. बरेच संघ आधीच्या दिवसांत मूर्तीच्या हाताचं किंवा पायाचं चुंबन घ्यायला लोकांना सोडतात, आई खूष होईल. चाळिसाच्या उपासकाळात रात्री कोस्तालेरोंच्या तालमीही असतात: मूर्तीशिवाय नुसता लाकडी सांगाडा, वर वजनासाठी पोती, घामाघूम पोरं आणि कापातासची बोलणी. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघायचं, तिकीट नाही, रेटारेटी नाही.

आणि मिरवणूकही चुकत नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी बाहेरच्या वस्त्यांतले संघ निघतात, ते कॅथेड्रलपर्यंत येत नाहीत. तिथे पर्यटक तुरळक, मोहल्ल्यातली माणसं घरच्या खुर्च्या दारात टाकून बसलेली. कॅथेड्रल त्या दिवसांत नेहमीच्या वेळेत बघून घ्या. त्याच तिकिटावर एल साल्वादोर चर्चही बघता येतं, आणि आधी तिथे तिकीट काढलंत तर कॅथेड्रलची रांग टळते. रविवारी सकाळी माद्रिदची गाडी पकडा. अडीच तासांत घरी.

वसईची_लेक
+१. चुंबनाच्या वेळी रुमालाने पुसतात, आईंना सांगा. नुसतं हात लावून नमस्कार केला तरी चालतं.

गोंयकार
हे मला पटलं. पासो जोडणारे सुतार बघायला मीही जाईन. टोपीवाल्यांशी माझं भांडण कायम.

मृण्मयी_क
अंदालुसकर, हे कुठल्याच ट्रॅव्हल कंपनीने सांगितलं नाही! नवऱ्याने रजेचा अर्ज आठवडाभर अलीकडे सरकवला, हॉटेल जवळजवळ निम्म्या दरात मिळालं म्हणून तोच आता सर्वात उत्साही आहे. बाबांनी हिराल्दाच्या उतरंडीबद्दल वाचून काढलं आणि विचारतायत की घोडा मिळेल का. शनिवारी कुठल्या वस्तीत जायचं ते सांगाल?

अंदालुसकर
दर वर्षीचं वेळापत्रक साधारण फेब्रुवारीत वर्तमानपत्रं छापतात, मोबाइलवरची ॲपही असतात. तेव्हा इथेच हाक मार, मिळून ठरवू. सपाट रस्ता आणि जवळ बाक असलेला कोपरा शोधू बाबांसाठी.

माद्रिदस्थ
आणि जे ईस्टरपर्यंत राहणार आहेत त्यांच्यासाठी: २०२७ ला ईस्टरच्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. सकाळची गाडी असेल तर लक्षात ठेवा.

झणझणीत
मद्रुगाला जागून आलेल्यांचा तो एक तासही गेला म्हणजे.

सह्यकडा
मलागाला पासो खांद्यावर बाहेरून उचलतात आणि बुधवारी एका कैद्याला सोडतात असं ऐकलं. खरं का?

अंदालुसकर
खरं. अठराव्या शतकात कार्लोस तिसऱ्याने दिलेला मान आहे, ‘एल रिको’ संघाचा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे व्यवस्थापक डोळे वटारतील.